विडीचा धंदा आणि कण्णूरचा प्रयोग

विडी ही वस्तु आपल्या इतक्या परिचयाची आहे कीं, ती कोणाला तरी वळावी लागत असेल हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. टेंभुर्णीचें पान, चिमूटभर तंबाखू आणि थोडेसें सूत एवढाच तिचा संसार. ती करावयास वाफ लागत नाहीं कीं वीज लागत नाहीं. एक कात्री, पान कापावयाचें एक पत्र्याचें माप, एक सूप आणि दोन हात असले म्हणजे काम सुरू होतें. अशा धंद्यांना आपण लहान धंदे म्हणतों, आणि त्यांना उत्तेजन द्यावें असें सर्वच विचारवंत सांगतात. मोठ्या कारखान्यांत जें भांडवल शेंकड्यांना काम देतें तेंच लहान धंद्यांत हजारांना देऊं शकेल, हा त्यांचा युक्तिवाद. आणि तो खोटा नाहीं. परंतु तें काम कसल्या प्रकारचें मिळतें, किती मजुरीचें मिळतें, दुखण्यांत आणि बाळंतपणांत तें माणसाला सांभाळतें कीं टाकून देतें, हा प्रश्न त्या युक्तिवादाच्या उंबरठ्याबाहेरच उभा राहतो. आजची हकीकत त्या बाहेर राहिलेल्या प्रश्नाची आहे. तिचा आरंभ आपल्या विदर्भांत आणि नाशिक जिल्ह्यांत होतो, आणि तिचा सर्वांत मनोवेधक भाग मात्र दूर मलबारच्या किनाऱ्यावर घडलेला आहे.

विडीचा धंदा फार पुरातन नाहीं. पानांत तंबाखू गुंडाळून ओढण्याची चाल गुजरातेंत पूर्वीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं तेथें दुष्काळ पडला, तेव्हां कांहीं गुजराती कुटुंबें पोटामागें जबलपूरकडे गेलीं आणि तेथल्या रानांत त्यांना टेंभुर्णीचें पान सांपडलें. पान पातळ, वळावयास नरम आणि रानांत विपुल. रेल्वेचे रुळ त्याच सुमारास त्या मुलखांत पसरत होते, म्हणून माल दूरवर पोंचूं लागला. मग आली स्वदेशीची चळवळ. सिगारेट विलायती आणि विडी देशी, एवढा एक भेद १९०५ नंतरच्या आणि पुन्हा १९२० नंतरच्या वर्षांत विडीवाल्यांच्या किती उपयोगीं पडला असेल याची कल्पना करतां येईल. गोंदिया, भंडारा, कामठी, नागपूर हीं नांवें विडीशीं जोडलीं गेलीं. इकडे सिन्नर आणि सोलापूर. आणि तंबाखूसाठीं निपाणी. देशाभिमानाच्या धुरांत विडी वळणाऱ्याची मजुरी मात्र कोणास दिसली नाहीं.

ती प्रथम अधिकृतपणें दिसली ती १९३१ सालीं. हिंदुस्थानांतील मजुरांची स्थिति पाहण्यासाठीं १९२९ मध्यें नेमलेल्या शाही कमिशनमध्यें आपले नारायण मल्हार जोशी हे एक सभासद होते. कमिशननें विडीच्या जागा पाहिल्या त्या कोंदट खोल्या, दुकानांच्या मागच्या अंधाऱ्या पडव्या आणि त्यांत दाटीनें बसलेलीं माणसें. त्या माणसांत मुलेंहि होतीं. कारखान्यांचा त्या वेळचा कायदा यंत्रशक्तीनें चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. विडीला यंत्रच नाहीं, तेव्हां तिला कायदाहि नाहीं. ही उणीव भरून काढावी म्हणून मध्यप्रांताच्या सरकारनें १९३७ सालीं अनियंत्रित कारखान्यांविषयींचा एक कायदा केला. विडी, लाख आणि कातडें कमावण्याचा धंदा या तीन धंद्यांना तो लागू होता. मात्र जेथें पन्नास किंवा अधिक माणसें कामास असतील तेवढ्याच जागांना.

या पन्नासाच्या आंकड्यापाशीं श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें अशी विनंति आहे. पुढील तीस वर्षांचा सारा इतिहास या आंकड्यांत बीजरूपानें सांठलेला आहे. पन्नास माणसांच्या जागेला उजेड हवा, हवा हवी, कामाचे तास हवेत. एकोणपन्नास माणसांच्या जागेला यांतलें कांहींच नको. तेव्हां हिशोबी मालकानें काय करावें? त्यानें मोठी जागा मोडून लहान जागा केल्या. त्याहून हिशोबी मालकानें जागाच बंद केली आणि पानें व तंबाखू मध्यस्थाच्या हवालीं करून माणसांच्या घरीं पाठविली. या मध्यस्थाला तिकडे सट्टेदार म्हणत. सट्टेदार मालकाकडून माल नेई, खेड्यापाड्यांत बायकामुलांकडून विड्या वळून घेई, आणि हजारी भावानें मालकास पोंचवी. कायदा दारांतून आंत आला आणि कामगार मागल्या दारानें बाहेर गेला. लहानपणालाच कायद्यानें सवलत दिली कीं लहान राहणें हाच एक धंदा होऊन बसतो, हें यांतून जसें स्पष्ट दिसतें तसें क्वचितच दिसत असेल. पुढें स्वतंत्र भारताच्या अबकारी करांतहि तीच गोष्ट झाली. वर्षाला वीस लाख विड्यांच्या आंत माल करणाऱ्याला कर माफ होता, आणि मग एकाच घराण्याचे कागदावर अनेक लहान विडीवाले निर्माण झाले.

स्वातंत्र्यानंतर हा झगडा न्यायालयांत गेला. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनें यंत्राची अट शिथिल केली होती. यंत्राविना चालणाऱ्या कारखान्यांतहि वीस माणसें असलीं तर तो कायदा लागू होणार होता. परंतु कायदा लागू होण्यासाठीं कामगार हा "कामगार" ठरावा लागतो. आणि विडी वळणारा माणूस कामगार आहे काय, या एका प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पुन्हा बसावें लागलें. १९५८ सालीं मध्यप्रदेशांतल्या एका खटल्यांत न्यायालयानें सांगितलें कीं सट्टेदार हा मालकाचा नोकर नव्हे, तो स्वतंत्र ठेकेदार. त्यानें लावलेलीं माणसें मालकाचे कामगार नव्हेत. १९६० मध्यें नागपूरचा एक खटला आला. तेथल्या कामगारांनीं रजा मागितली, मालकानें त्या रजेचा पगार नाकारला. तेथें माणसें कारखान्यांत येऊन बसत, हजेरी लागे, दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे. न्यायालय म्हणालें, हे कामगार आहेत.

दुसऱ्याच वर्षीं सिन्नरचा खटला आला, आणि निकाल उलट लागला. तेथेंहि वाद रजेच्या पगाराचाच होता. सिन्नरच्या कारखान्यांतला माणूस केव्हां यावें, केव्हां जावें, किती विड्या वळाव्या या बाबतींत मोकळा होता. पानें तो घरीं नेऊन कापून आणीत असे. एखादे दिवशीं आला नाहीं तर त्याला कोणी जाब विचारीत नसे. मालकाचा अधिकार एवढाच कीं, वाईट वळलेली विडी बाजूस काढावी. ज्याच्यावर मालकाची देखरेख नाहीं तो कामगार कसला, असें बहुमतानें ठरलें. न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं मात्र आपलें भिन्न मत नोंदविलें.

कायद्याच्या दृष्टीनें या निकालांत विसंगति नसेल. पण सिन्नरच्या त्या माणसाचें हें स्वातंत्र्य जरा जवळून पाहावें. त्याला हजारावर मजुरी होती. म्हणजे तो एक तास उशीरा आला तर मालकाचें कांहींच बुडत नव्हतें, बुडत होतें तें त्याच्या स्वतःच्या चुलीचें. अशा माणसावर देखरेख करावयाला मुकादम कशाला हवा? त्याची भूक हीच त्याची मुकादम. शिवाय त्या "वाईट विड्या बाजूस काढण्याच्या" अधिकाराला विडी-कामगारांच्या बोलींत एक शब्द आहे, छाट. संध्याकाळीं हजार विड्या घेऊन माणूस मालापाशीं गेला, कीं तपासणारा त्यांतल्या मूठभर काढून टाकी. त्यांची मजुरी नाहीं. पानें कमी भरलीं, तंबाखू कमी भरली म्हणून आणखी कापणी. काढलेली छाट पुष्कळ वेळां मालक मोडून टाकीत नसे. तीहि बाजारांत जाई. ज्या देखरेखीचा अभाव न्यायालयास दिसला, ती अशी दिवसाच्या शेवटीं एकदांच, परंतु पुरती, भेटत असे.

ही सारी वाटाघाट ज्या कायद्यानें मिटवावयाची होती तो संसदेनें १९६६ सालीं केला. विडी व सिगार कामगार कायदा असें त्याचें नांव. त्याच्या रचनाकारांनीं मागच्या तीस वर्षांपासून बराच बोध घेतला होता. विडी घरीं वळली तरी वळणारा कामगारच, मध्यें ठेकेदार असला तरी मूळ मालक जबाबदार, छाटीला मर्यादा, आठवड्याची सुटी, वर्षाची पगारी रजा, बाळंतपणाची सवलत. त्या काळीं असा कायदा होणें ही लहान गोष्ट नव्हती. मालकांनीं त्यास न्यायालयांत आव्हान दिलें, आणि १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. परंतु त्यांत एक कच्चा दुवा होता. कायदा साऱ्या देशाचा असला तरी तो अंमलांत आणण्याचें आणि त्याचे नियम करण्याचें काम ज्या त्या राज्यावर सोपविलेलें होतें. विडीला यंत्र नाहीं, म्हणून विडीचा कारखाना हलवावयास दोन बैलगाड्या पुरतात. जें राज्य प्रथम कायदा बजावील तेथून धंदा उठून शेजारच्या राज्यांत जाईल, हें भय प्रत्येक सरकारला होतें; आणि तें निराधार नव्हतें. तेव्हां प्रथम पाऊल टाकावें कोणीं?

तें टाकलें केरळनें. येथून आपण कण्णूरला जाऊं. इंग्रजी अमदानींत या गांवाला कॅनानोर म्हणत. मंगळूरपासून तें कांहीं तासांच्या अंतरावर. मंगळूरच्या विडीवाल्यांनीं आपलें काम या बाजूच्या गांवोगांवीं पसरविलें होतें. येथलें विशेष असें कीं, विडी वळणारे हे येथें बहुतांशीं पुरुष होते, आणि घरोघरीं विखुरलेले नसून ठेकेदारांच्या पडव्यांत एकत्र बसत. १९३० नंतरच्या दशकांतच त्यांच्या संघटना बांधल्या गेल्या, संप झाले, आणि राष्ट्रीय चळवळींतहि हे लोक पुढें आले.

त्यांची एक रीत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. विडी वळणें हें हाताचें काम. कान मोकळे असतात. या पडव्यांतले कामगार आपल्यांतल्याच एकाला वाचक म्हणून निवडीत. तो मध्यें बसून वर्तमानपत्र वाची, वर्तमानपत्र संपलें कीं कादंबरी, चरित्र, राजकारणाचें पुस्तक. वाचतांना त्याचे हात थांबत, म्हणून त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे सर्वजण थोड्या थोड्या वळून देत. अशीच रीत दूर क्यूबा बेटांत हवाना शहरच्या चिरुट-कारखान्यांत १८६५ पासून होती. या दोन टोकांना एकमेकांची खबर होती असें मानण्याचें कारण नाहीं. तंबाखूच्या कामाचा तो गुण असावा. नभोवाणी घरोघर येण्यापूर्वीं श्रवणाची जी संस्था या लोकांनीं स्वखर्चानें चालविली तिच्याबद्दल आम्हां नभोवाणीवर बोलणाऱ्यांना विशेष आदर वाटावा हें साहजिकच आहे. हेवाहि वाटतो, कारण श्रोत्यांनीं वाचकाचें पोट स्वतःच्या हातांनीं भरावें, असा श्रोतृवर्ग फार थोड्यांच्या नशिबीं येतो.

१९६७ च्या निवडणुकीनंतर केरळांत ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचें मंत्रिमंडळ आलें, आणि १९६८ सालीं त्यानें विडी-कायद्याची अंमलबजावणी सुरू केली. परिणाम तोच झाला ज्याचें भय होतें. मंगळूरच्या गणेश विडी कंपनीनें कण्णूर भागांतला आपला कारभार गुंडाळला. जवळजवळ बारा हजार माणसें एका झपाट्यांत बेकार झालीं. एखाद्या राज्यानें चांगला कायदा बजावावा आणि त्याचें पहिलें फळ म्हणून त्याच कामगारांच्या मुलांना उपास घडावा, ही गोष्ट कोणत्याहि मंत्र्यास हादरविणारी होती. कायदा सैल करा, कंपनी परत येईल, असें सांगणारे लोक त्या वेळीं नसतील असें नाहीं. असा सल्ला देणारे प्रत्येक काळीं असतात, आणि त्यांच्याजवळ आंकडेहि असतात.

सरकारनें आणि संघटनांनीं दुसरी वाट धरली. १९६९ सालीं कण्णूरला विडी-कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली, तीच केरळ दिनेश विडी. सुरुवातीला सुमारे तीन हजार कामगार. प्रत्येकानें भाग घ्यावयाचा. पण उपाशी माणसापाशीं भागाची रक्कम कोठून असणार? ती बहुतेक सरकारनें कर्जाऊ दिली. शिवाय खेळतें भांडवल दिलें, आणि अध्यक्ष म्हणून जी. के. पणिक्कर यांना नेमलें. त्यांनीं ती जबाबदारी दीर्घकाळ वाहिली. रचना दुहेरी होती. गांवोगांवच्या वीस प्राथमिक संस्था, त्यांचे संचालक कामगारांनींच निवडलेले. आणि कण्णूरला एक मध्यवर्ती संस्था. पानें व तंबाखू घाऊक विकत घेणें, तंबाखूचें मिश्रण ठरविणें, तयार माल विकणें हीं कामें मध्यवर्ती संस्थेकडे. विडी वळण्याचें काम प्राथमिक संस्थांकडे. दिसावयाला ही गोष्ट साधी आहे. पण लहान उद्योग कशानें मरतात याचा ज्यांनीं कधीं विचार केला असेल त्यांच्या ध्यानांत यांतलें मर्म येईल. लहान उद्योजक कामांत कमी पडतो म्हणून सहसा बुडत नाहीं. तो बुडतो खरेदींत आणि विक्रींत. टेंभुर्णीचीं पानें मध्यप्रदेशाच्या व विदर्भाच्या रानांत होतात आणि त्यांचा हंगाम उन्हाळ्यांतल्या कांहीं आठवड्यांचा. ज्याच्यापाशीं त्या वेळीं पैसा असेल त्याला पान मिळतें. नसेल त्यानें पुढें वर्षभर चढ्या भावानें घ्यावें. वीस संस्था वेगवेगळ्या बाजारांत उतरल्या असत्या तर व्यापाऱ्यांनीं एकेकीला वेगळी गांठून संपविली असती.

संस्थेनें किमान वेतन दिलें, महागाई भत्ता दिला; साप्ताहिक सुटी, सणांच्या सुट्या, पगारी रजा, बाळंतपणाची रजा, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, आणि पुढें म्हातारपणाचें निवृत्तिवेतनहि. बाहेरच्या खाजगी विडीवाल्यांना हें सर्व देणें अशक्य वाटत होतें. मग या संस्थेला तें कसें परवडलें? याचीं उत्तरें एकाहून अधिक आहेत. ठेकेदाराची दलाली वांचली, हें पहिलें. छाटीचा छळ संपला, आणि कामगार स्वतःच मालक असल्यामुळें देखरेखीचा पगारी लवाजमा फारसा लागला नाहीं. आणि तिसरें, जें हिशोबाच्या वहींत दिसत नाहीं: केरळांतल्या सामान्य विडी ओढणाऱ्यानें ही विडी आपली म्हणून घेतली. हजारों कामगारांच्या मागें त्यांच्या संघटना, त्यांचे पक्ष, त्यांचे नातेवाईक होते. दिनेश विडी विकत घेणें ही कित्येकांच्या दृष्टीनें एक निष्ठेची बाब होती. १९८० नंतरच्या वर्षांत कामगारांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. राज्याच्या या भागांत एवढ्या माणसांना एवढ्या अटींवर काम देणारा दुसरा उद्योग शोधूनहि सांपडला नसता. हळूहळू कामगारांत स्त्रियांचें प्रमाण वाढत गेलें आणि पुरुषांपेक्षां अधिक झालें. संस्थेच्या पडव्यांतहि वर्तमानपत्र मोठ्यानें वाचण्याची रीत राहिली. यासंबंधीं टी. एम. टॉमस आयझॅक, रिचर्ड फ्रँकी आणि प्यारेलाल राघवन यांनीं एक विस्तृत ग्रंथ लिहिला आहे; १९९८ सालीं तो प्रसिद्ध झाला.

या यशाचा गौरव करतांना त्याच्या मर्यादा झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. निष्ठेवर चालणारा बाजार हा निष्ठेच्या सीमेपाशीं संपतो. केरळाबाहेर दिनेश विडीला आपला पाय घट्ट रोवतां आला नाहीं. कारण उघड आहे. सीमेपलीकडे कर्नाटकांत आणि तामिळनाडूंत तीच विडी घरांत बसलेल्या बायका कितीतरी कमी मजुरींत वळीत होत्या. कायदा एकच होता, परंतु किमान वेतन प्रत्येक राज्यानें निराळें ठरविलें होतें. आणि जेथें ठरविलें होतें तेथें देखील तें टाळण्याची एक नवी युक्ति निघाली होती. मालक मध्यस्थामार्फत कामकरणीला पानें व तंबाखू विकतो, आणि तिच्याकडून विड्या विकत घेतो. म्हणजे ती कामगार नव्हे, ती व्यापारी! दहा बाय दहाच्या खोलींत चार मुलांच्या मध्यें बसून सूत गुंडाळणाऱ्या बाईला कागदावर उद्योजिका करून सोडण्याचें हें कौशल्य पाहिलें म्हणजे सिन्नरच्या स्वतंत्र माणसाची आठवण होते. लहान उद्योगांच्या वाढीचे जे आंकडे आपण कौतुकानें वाचतों त्यांत असल्या उद्योजिका किती असतील, हें विचारावयास कोणी धजत नाहीं.

मग आपल्याकडे काय झालें? सोलापूरची स्थिति पाहूं. तेथें तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती. पुरुष मागावर किंवा गिरणींत, आणि स्त्री घरीं विडीवर, अशी कुटुंबाची घडी बसलेली होती. पुढें सोलापुरांतल्या जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि जें काम जोडउत्पन्न म्हणून होतें तेंच कित्येक घरांत मुख्य उत्पन्न होऊन बसलें. हजारों स्त्रिया, प्रत्येक जण आपल्या घरांत, सकाळीं शाखेवर जाऊन विड्या द्यावयाच्या, पानें व तंबाखू घेऊन परत यावयाचें. कण्णूरसारखी एकत्र बसण्याची पडवी नाहीं, तीस वर्षांच्या संघटनेची पूर्वपुण्याई नाहीं, मध्यें वाचन करणारा वाचक नाहीं. अशा ठिकाणीं कण्णूरची सहकारी संस्था जशीच्या तशी उचलून ठेवतां आली नसती. तरी पण संघटना झाल्या, आणि त्यांनीं कामापेक्षां घराकडे आधीं लक्ष दिलें, हें मला फार शहाणपणाचें वाटतें. जिचें घर हाच तिचा कारखाना, तिच्या कारखान्यांत उजेड आणि वारा आणावयाचा म्हणजे तिला घरच द्यावें लागतें. नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें कुंभारी येथें विडी-कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ सालीं तीं घरें स्त्रियांच्या हातीं पडलीं. वसाहतीला नांव दिलें गोदूताई परुळेकरांचें. त्यापुढची मोठी वसाहत रे नगर. तिच्यांतलीं पहिलीं पंधरा हजार घरें २०२४ च्या जानेवारींत दिलीं गेलीं.

सरकारनेंहि १९७६ सालीं विडी-कामगारांच्या कल्याणासाठीं एक निधि काढला होता. दर हजार विड्यांवर थोडासा कर, आणि त्यांतून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत. रक्कम मोठी नव्हती, पण तिच्यासाठीं कामगाराला ओळखपत्र लागे, आणि त्या ओळखपत्रामुळें घरांत बसलेल्या बाईचें नांव प्रथमच सरकारच्या वहींत चढलें. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां तो लहानसा कर रद्द झाला. पुढें १९६६ चा तो कायदाहि २०२० सालच्या एका मोठ्या कामगार-संहितेंत विलीन करण्याचें ठरलें. घरीं बसून काम करणाऱ्यांविषयीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९९६ मध्यें एक स्वतंत्र ठराव संमत केला. भारतानें त्यास अद्याप मान्यता दिलेली नाहीं.

कण्णूरच्या संस्थेवर जें संकट शेवटीं आलें तें मालकांकडून आलें नाहीं, आणि त्याबद्दल कोणाला दोषहि देतां येणार नाहीं. तंबाखू माणसाला मारते. विडींत तंबाखू थोडी असली तरी तिचा धूर सिगारेटीहून निरुपद्रवी नाहीं, हें वैद्यकशास्त्रानें निःसंशय सिद्ध केलेलें आहे; आणि वळणाऱ्याच्याहि फुफ्फुसांत तंबाखूची धूळ जाते. केरळच्या उच्च न्यायालयानें १९९९ सालीं सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास मनाई केली. २००३ सालीं साऱ्या देशाचा कायदा झाला. पुढें पुडक्यांवर चित्रांचे इशारे आले. त्याच्या अलीकडे सुमारे दहा वर्षें स्वस्त लहान सिगारेटींनीं तरुण गिऱ्हाईक नेलेलेंच होतें. म्हणजे या देशांतली विडी-कामगारांची सर्वांत चांगली नोकरी ज्या वस्तूवर उभी होती ती वस्तु कमी खपावी अशीच प्रत्येक विचारी माणसाची इच्छा असणार. कामगारांचें कल्याण आणि ओढणाऱ्याचें कल्याण हीं येथें समोरासमोर उभीं राहिलीं, आणि या पेंचाला गोड उत्तर नाहीं.

संस्थेनें मात्र हात जोडून बसण्याचें नाकारलें. खाजगी विडीवाल्यानें अशा वेळीं माल कमी केला असता आणि माणसें वाऱ्यावर सोडलीं असतीं. येथें माणसेंच मालक असल्यामुळें तें शक्य नव्हतें. १९९० नंतरच्या दशकांत संस्थेनें दुसऱ्या धंद्यांत पाऊल टाकलें. नारळाचें दूध, मसाल्यांच्या पुड्या, लोणचीं, मग छत्र्या, आणि मलबारच्या पावसांत छत्रीला गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं, तयार कपडे, आणि विडीवाल्यांच्या संस्थेनें काढावें याचें कोणालाहि नवल वाटेल असें संगणकाच्या कामाचें केंद्र. त्यासाठीं लागणारें भांडवल बऱ्याच अंशीं विडीनेंच मिळवून दिलेलें होतें. चाळीस हजार माणसांना सामावून घेणें या नव्या धंद्यांच्या आवांक्यांतलें नव्हतें, आणि तें त्यांनीं केलेंहि नाहीं. विडीवरचे कामगार वयोमानानें निवृत्त होत गेले, त्यांच्या जागीं नवीन तरुण फारसे आले नाहींत, आणि संख्या काहीं हजारांवर उतरली. परंतु उतरतांना ती पायरीपायरीनें उतरली; १९६८ सालीं बारा हजार माणसांवर जसा एका आठवड्यांत आकाश कोसळण्याचा प्रसंग आला, तसा पुन्हा आला नाहीं. निवृत्त झालेल्याला त्याचा फंड मिळाला, आणि ज्या पडव्यांत एके काळीं वाचकाचा आवाज घुमत असे त्यांतल्या कांहींत आज छत्र्यांच्या काड्या जोडल्या जातात.